सुरू, देवदार आणि पाण्याचा हिशेब



हर्णे बंदर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्गावरील दीपगृह आणि पुळणीवर भरणारा मासळीचा लिलाव, एवढे पाहून बहुतेक पाहुणे समाधानाने परततात. पण दक्षिणेस मुरूड-कर्द्याच्या किंवा उत्तरेस अंजर्ल्या-केळशीच्या किनाऱ्यावर गेलात, तर वाळूच्या कडेला उंच, हिरवट-करड्या, वाऱ्याने सतत सळसळणाऱ्या झाडांच्या रांगा दिसतात. त्यांना आपण सुरू म्हणतो. त्या झाडाखाली सुयांसारख्या काड्यांचा थर पडलेला असतो, लहान लहान शंकूंसारखी फळे विखुरलेली असतात, आणि हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला सहजच वाटते की आपण चीड-देवदाराच्या एखाद्या धाकट्या भावाखाली उभे आहोत.

हा समज चुकीचा आहे. पण नावाने त्याला दुजोरा दिला आहे. सुरू हा शब्द फारसीतील ‘सर्व’ या शब्दापासून आला, आणि इराणी बागांत व चित्रांत दिसणारा तो सडपातळ ‘सर्व’ खराखुरा सूचिपर्णी वृक्ष होय. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूचे कूळ निराळे. तो सपुष्प वनस्पतींपैकी. त्याचे मूळ घर आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया यांचे किनारे. कारवारला १८६८ साली त्याची लागवड झाली, आणि पुढे आपल्या किनाऱ्यावर तो इतका रुळला की परका आहे हे सांगावे लागते. खरे सूचिपर्णी वृक्ष महाराष्ट्राच्या रानांत आपोआप उगवत नाहीत. सगळ्या दक्षिण भारतात या कुळातला एकच वृक्ष मूळचा म्हणून आढळतो, तोही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील ओल्या रानांत. मात्र आपल्या अंगणातील कुंडीत मोरपंखी असेल, तर एक अस्सल सूचिपर्णी वृक्ष आपण घरी पाळला आहे असे खुशाल समजावे.

सुरू आणि सूचिपर्णी यांचे नाते रक्ताचे नसले तरी दोघांची चेहरेपट्टी एक का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पाणी हे आहे. आणि त्याच उत्तरात आजच्या एका मोठ्या व्यवहाराची किल्ली आहे. हल्ली झाडांकडे सावली, फळ, जळण यांखेरीज आणखी एक काम आले आहे: हवेतला कर्ब पकडून सांभाळून ठेवण्याचे. हे काम झाड किती करील, हे आपण किती रोपे लावली यावरून ठरत नाही. वर्षाचा एकूण पाऊस किती, यावरूनही पुरते ठरत नाही. ज्या आठवड्यांत झाड लाकूड घडवते, त्या आठवड्यांत त्याच्या मुळांशी पाणी आहे की नाही, यावर ते ठरते. आजचे माझे भाषण एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

लाकूड मातीतून तयार होते असा आपला साधारण समज असतो. वस्तुतः लाकूड मुख्यतः हवेचे आणि पाण्याचे बनते. मातीतून येणारी द्रव्ये मोलाची खरी, पण वजनाने अल्प. लाकूड जाळल्यावर जी मूठभर राख उरते, ती त्यांची. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा भाग कर्बाचा असतो. दोन क्विंटल कोरडे लाकूड ज्या झाडात साठले आहे, त्याने सुमारे एक क्विंटल कर्ब धरून ठेवला आहे. आणि तेवढा कर्ब मिळविण्यासाठी त्याने हवेतून सुमारे ३६७ किलो कर्बवायू, म्हणजे ज्याला शाळेतली मुले कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो वायू, ओढून घेतला आहे.

हा वायू आत येतो तो पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून. परंतु दार उघडल्यावर फक्त पाहुणाच आत येतो असे होत नाही, घरातले पाणीही बाहेर पडते. कर्बवायूचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू वाफ होऊन निघून जातात. हवा जितकी तापलेली व कोरडी, तितका हा व्यापार महाग. म्हणून पाणी कमी पडू लागले की झाड रंध्रे मिटून घेते. त्याने पाणी वाचते, पण कमाईही थांबते. सुईसारखे पान हा याच व्यापारातला काटकसरीचा उपाय आहे: पृष्ठभाग थोडा, साल जाड, रंध्रे खोलगट जागी दडविलेली. सुरूने तर याहून पुढची मजल मारली आहे. आपण ज्यांना त्याच्या सुया म्हणतो त्या पानेच नव्हेत. त्या हिरव्या, सांध्यासांध्यांच्या बारीक डहाळ्या आहेत. सुरूचे खरे पान म्हणजे प्रत्येक सांध्याभोवतीचे डोळ्यांस जेमतेम दिसणारे खवले. रंध्रे डहाळीवरील उभ्या खोबणींत लपलेली असतात. दोन अगदी भिन्न कुळांनी एकाच अडचणीवर सारखाच तोडगा काढला, आणि त्यामुळे त्यांचे चेहरे जुळले.

आता थोडे खऱ्या सूचिपर्णी वृक्षांकडे वळू. कारण हा पाण्याचा हिशेब वाचण्याजोग्या अक्षरांत त्यांनीच लिहून ठेवला आहे. देवदाराचे खोड आडवे कापले असता जी वलये दिसतात, त्यांतले प्रत्येक वलय म्हणजे एका वर्षाची वाढ. वसंतातले लाकूड फिकट, मोठ्या पोकळीच्या पेशींचे. हंगामाच्या अखेरीचे गडद, जाड भिंतींच्या लहान पेशींचे. या पेशी म्हणजे केसाहूनही बारीक, काही मिलिमीटर लांबीच्या नळ्याच असतात, आणि त्यांतूनच पाणी वर चढते. दोन नळ्यांमध्ये जी छिद्रे असतात, त्यांत निसर्गाने एक झडप बसविली आहे. पाण्याच्या ताणाने एखाद्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर झडप बसते, आणि तो बुडबुडा शेजारच्या नळीत सहसा जाऊ शकत नाही. आमच्या शहरांतील नळयोजनांत एवढी शहाणी झडप असती तर किती बरे झाले असते!

या वलयांचा अभ्यास हिमालयात बसून झाला असेल असे कोणास वाटेल. परंतु त्याचे एक मोठे केंद्र आपल्या पुण्यास आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, पाषाण येथे, जी. बी. पंत, एच. पी. बोरगावकर आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम हिमालयातील देवदार व इतर सूचिपर्णी वृक्षांची वलये अनेक वर्षे मोजली. झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात, तिच्यावरील वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून प्रत्येक वलयाला साल लावतात, आणि मग वेधशाळांच्या नोंदींशी ती तुलना करतात. कष्टाचे आणि चिकाटीचे काम. पण त्यातून निघालेला निष्कर्ष प्रथम ऐकणाऱ्यास चकित करणारा आहे.

थंड डोंगरावरच्या झाडाला ऊब मिळाली तर ते अधिक वाढेल, असे आपण धरून चालतो. पश्चिम हिमालयातील बहुतेक ठिकाणच्या वलयांनी याच्या उलट साक्ष दिली. मार्च ते मे हे महिने ज्या वर्षी अधिक तापले, त्या वर्षीची वलये अरुंद. आणि त्याच महिन्यांत जेव्हा पाऊस चांगला पडला, तेव्हाची रुंद. पावसाळ्यात तेथेही पाऊस पडतो; मग या तीन महिन्यांनाच एवढे महत्त्व का? कारण झाडाची वाढ तेव्हाच जोर धरते. हिवाळ्यातले बर्फ वितळून जमिनीत मुरलेली ओल एवढीच त्या वेळी त्याची पुंजी. उन्हाळा लवकर व कडक आला की हवा पाणी खेचू लागते, ओल आटते, आणि जुलैत कितीही धो धो कोसळले तरी गेलेला वसंत परत येत नाही. अगदी उंचावर, हिमनद्यांच्या जवळपास, मात्र चित्र थोडे बदलते; तेथे खरी टंचाई उबेची असल्याने अलीकडच्या दशकांत काही झाडांची वाढ वाढलेली दिसली. म्हणजे ‘तापमान वाढल्याने सूचिपर्णी वृक्षांचा कर्बसाठा वाढेल की घटेल?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्या जागी आधी काय संपते, ऊब की पाणी, हे विचारावे लागते.

आणखी एक बाब येथे सांगणे अवश्य आहे. वलय रुंद झाले म्हणजे कर्ब त्याच दिवशी साठला, असे नाही. ईशान्य फ्रान्समधील सूचिपर्णी वनांतील निरीक्षणे २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत असे आढळले की खोडाचा घेर वाढणे आणि लाकडाचे वजन वाढणे यांत महिन्याहून अधिक अंतर पडते. घर बांधताना आधी खोल्यांची आखणी होते आणि भिंती मागाहून भरतात, तसाच हा प्रकार. नवी पेशी प्रथम पाण्याच्या दाबाने फुगून मोठी होते. मग तिच्या भिंतीवर थरावर थर चढतात, आणि कर्ब भरतो तो या भिंतींत. फुगण्यासाठी पाण्याचा दाब लागतो. टंचाईत हा दाब सर्वांआधी पडतो. पानांतली साखर बनविण्याची क्रिया पुरती बंद होण्याच्या कितीतरी आधी खोडाची वाढ थांबलेली असते. दुकानात माल आहे, पण बांधकामच बंद!

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे नेहमी ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादाची मर्यादा कळते. कारखान्यांच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. कर्बवायू हेच झाडाचे अन्न, तेव्हा झाडे आता अधिक जोमाने वाढून सारे सावरून घेतील, असे काहीजण म्हणतात. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. वायू विपुल असला तर रंध्रे थोडी मिटूनही झाडाचे भागते आणि काही पाणी वाचते. पण जेथे पेशी फुगवायलाच पाणी नाही, तेथे ताटात वाढलेले अन्न खाणार कोण?

आता हर्णे येथे परत येऊ. दापोलीच्या परिसरात वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्याची टंचाई म्हणजे विनोदच, असे देशावरच्या माणसास वाटते. चैत्र-वैशाखात कोकणातील विहिरीचा तळ ज्याने पाहिला आहे त्याला तसे वाटत नाही. शेकडा नव्वदांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, जांभ्यातून व वाळूतून झिरपतो आणि समुद्रास मिळतो. पुळणीवरच्या वाळूत ओल टिकत नाही. खाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उन्हाळ्यात तोही खालावतो. त्यात खारा वारा, आणि हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीकडून येणारा कोरडा मतलई. म्हणजे वर्षाचे आठ महिने हा किनारा, झाडाच्या दृष्टीने, जवळजवळ कोरडवाहूच.

याचा पडताळा पाहण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. सुरूच्या रांगेमागे थोड्याच अंतरावर नारळी-पोफळींचे आगर असते. जमीन बहुधा तशीच रेताड, पाऊस तोच, वारा तोच. पण आगराला विहीर आहे, आणि शिंपणे आहे. कार्तिकापासून मृगापर्यंत आगरवाला पाणी लावतो म्हणून पोफळ उभी असते. एक उन्हाळा शिंपणे चुकले तर तिची काय अवस्था होते ते कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. सुरूला कोणी शिंपत नाही. तो आपल्या काटकसरीवर जगतो, आणि मुळांवरील गाठींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांकडून हवेतला नत्र मिळवून नापीक वाळूतही उंच होतो. त्याचे लाकूड जड आणि जळणाला उत्तम. वाळू थोपविणे आणि आगरावर येणारा वारा अडविणे ही दोन्ही कामे तो चोख बजावतो.

त्याच्या खोडात देवदारासारखी स्पष्ट वार्षिक वलये सहसा पडत नाहीत, त्यामुळे त्याने कोणत्या वर्षी किती कर्ब साठविला याची नोंद त्याच्याकडून मिळत नाही. आपल्याकडे ते काम साग करतो. ठाणे भागातील सागाच्या वलयांचा तेथील हवामानाशी असलेला संबंध पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ सालीच मांडला होता.

पण साठा होणे ही अर्धी गोष्ट. तो राहणे ही दुसरी. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. शेजारच्या दापोली व मंडणगड या तालुक्यांस त्याचा जबर तडाखा बसला; नारळ, पोफळ, आंबा, फणस यांच्याबरोबर किनाऱ्यावरील सुरूही असंख्य आडवे झाले. पुळणीत सुरूची मुळे सहसा खोल जात नाहीत. खाली खारे पाणी असते, म्हणून ती आडवी पसरतात. वाळूची पकड ती किती असणार? वीस-पंचवीस वर्षांत कणाकणाने जमलेला कर्ब काही तासांत जमिनीवर आला. झाड पडताक्षणी तो हवेत जात नाही, हे खरे. लाकूड चुलीत गेले तर त्याच वर्षी जातो, कुजत पडले तर काही वर्षांनी, आणि कोणी त्याचे वासे करून छपराला घातले तर बराच काळ थांबतो. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून उत्तरेस गेले.

परदेशी सूचिपर्णी वनांची कथा साधनांनी निराळी, पण फलाने हीच आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइन वृक्षांच्या सालीत शिरणाऱ्या एका किड्याने अफाट वने मारली. हिवाळे सौम्य झाल्याने किडे मरेनासे झाले, आणि पाण्याच्या ताणाखालील झाडाला त्यांना बाहेर ढकलण्यापुरता चीकही सोडता येईना. ही वने कर्ब साठवीनाशी होऊन उलट हवेत सोडू लागली, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जर्मनीत स्प्रूस हा थंड, ओलसर डोंगरांवरचा वृक्ष लाकडाच्या लोभाने सखल प्रदेशांतही रांगारांगांनी लावलेला होता. २०१८ पासूनच्या अवर्षणात तो वाळला, सालकिड्यांनी उरलेले काम पुरे केले, आणि २०२४ साली जाहीर झालेल्या वनगणनेत असे निघाले की २०१७ नंतर त्या देशाच्या वनांनी कर्ब कमावण्याऐवजी गमावला. जेथे ज्याचे पाणी नाही, तेथे त्याला केवळ झटपट वाढतो म्हणून उभे करावयाचे, आणि मग त्याच्या नावावर पुढील पन्नास वर्षांची जमा मांडावयाची, हा हिशेब मला धाडसाचा वाटतो. आपल्याकडेही तो मांडला जातो. वर्षारंभी वृक्षारोपणाचा आकडा प्रसिद्ध होतो, शहरातील गृहस्थ आपल्या मोटारीच्या धुराचे प्रायश्चित्त म्हणून कोठेतरी चार रोपांचे पैसे भरतात, आणि तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात त्या रोपांना पाणी कोण घालणार होते हे विचारावयाचे राहून जाते. सुरूच्या रांगा किनाऱ्याच्या राखणदार म्हणून अवश्य लावाव्यात, जेथे त्यांची गरज आहे तेथे. त्यांना कर्बाचे कोठार समजणे म्हणजे राखणदारावरच तिजोरीचा भार टाकणे होय.

कोठार पाहावयाचे तर ते हर्णे-अंजर्ल्याच्या मधल्या खाडीत आहे, आणि ते दिसावयास मुळीच देखणे नाही. जोग नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या चिखलात कांदळाची झाडे उभी आहेत. उंचीने ती देवदाराच्या पासंगालाही पुरणार नाहीत. परंतु त्यांचा कर्ब लाकडापेक्षा पायाखालच्या काळ्या चिखलात अधिक असतो. गळालेली पाने, मेलेली मुळे तेथे गाडली जातात. चिखल सदा पाण्याने भरलेला, त्यात प्राणवायू शिरत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. देवदाराच्या बाबतीत पाणी कर्ब आत आणते. येथे तेच पाणी त्याला बाहेर जाऊ देत नाही. वादळाने वरचे झाड मोडले तरी खालचा साठा जागचा हलत नाही. तो हलतो तो माणसाने बांध घालून भरतीचे पाणी तोडले, भराव टाकला किंवा चिखल उपसून वाळविला म्हणजे. मग शतकानुशतके दबलेल्या त्या काळ्या मातीला हवा लागते, आणि ती कुजू लागते.